वॉरन कुबिकची सही

"तो कागद परत दे," वॉरन म्हणाला.

सोमवारची सकाळ होती. मी अजून अंगातला कोट काढला नव्हता, कॉफीच्या ग्लासाचं झाकण निघत नव्हतं म्हणून त्याच्याशी झटत होते, आणि हा गृहस्थ टोपी हातात धरून माझ्या टेबलापुढे उभा. वॉरन कुबिक आमच्या कचेरीत सकाळी येत नाही. तो मुळात फारसा येतच नाही. चाल पाठवतो, आणि नाताळच्या आठवड्यात सगळ्यांसाठी बदामाचं क्रिंगल, म्हणजे इथला गोड पाव, पाठवतो.

"कुठला कागद?"

"शुक्रवारी सही केली तो."

"तो फायलीला लागला. का?"

"नुसता बघायचाय."

"बघायचाय की परत हवाय? सकाळी सकाळी कोड्यात बोलू नकोस, बाबा."

त्यानं टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण चेहरा शाळेच्या खिडकीची काच फोडून आलेल्या पोरासारखा. "योलांडा, मला वाटतं ती चाल मी आधी कुठंतरी ऐकलीय."

मी झाकणावरचा हात काढला. कॉफी राहिली तशीच.

मिलवॉकीतल्या आमच्या जाहिरात कंपनीत बाकीचे चाळीस जण जाहिराती करतात आणि मी परवानग्या गोळा करते. बावीस वर्षं हेच. कुणी उठतो, एखादं आवडतं गाणं घेऊन येतो, "हेच लावायचं" म्हणतो. मग ते गाणं कुणाचं, हे शोधत बसायचं मी. गाण्याला नेहमी दोन मालक असतात. ज्यानं रचलं तो एक, आणि ज्याच्याकडे त्याचं ध्वनिमुद्रण आहे तो दुसरा. एकाला विचारलं आणि दुसऱ्याला विसरलात, की मेलात. म्हणून कचेरीत माझं नाव पडलंय 'विचारलं का बाई'. मला त्याचं काही वाटत नाही. मी विचारते म्हणून ह्यांच्या दाराशी वकील येत नाहीत.

आणि चाल नवीन करून घेतली, तर ती करणाऱ्यानं एका कागदावर सही करायची. चार ओळींचा कागद. ही चाल मी स्वतः रचली, दुसऱ्या कुणाची नाही, दुसऱ्या कुणाच्या चालीवरून घेतलेली नाही, आणि उद्या तसं निघालंच तर जबाबदारी माझी. खाली त्याची सही, त्याखाली 'तपासले' म्हणून माझी.

ही चाल होती ओल्सगार्डसाठी. राज्यभर ऐंशी किराणा दुकानं, आणि वर्षातली सगळ्यात मोठी मोहीम थँक्सगिव्हिंगच्या सणाची. आमच्या मोठ्या खोलीची एक भिंत दोन महिने पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासून टीव्हीवर तीस सेकंद, मग रेडिओ, मग दुकानांच्या छतातल्या स्पीकरवर दर वीस मिनिटांनी, आणि दुकानाला फोन लावून ताटकळत बसलं तर तिथंही तेच. चित्र साधंच. दूर गावी नोकरी करणारी मुलगी संध्याकाळची गाडी चालवत घरी येतेय, बाप खिडकीपाशी उभा राहून वाट बघत नसल्याचं नाटक करतोय, आणि एकोणिसाव्या सेकंदाला अंगणातला दिवा लागतो. एवढंच. पण भिंतीवरच्या त्या सगळ्या चिठ्ठ्या अडकल्या होत्या एकाच खिळ्याला, तो म्हणजे चाल.

गोंधळ नेहमीसारखाच झाला होता. चित्र जोडणाऱ्यानं कच्च्या चित्राखाली एक गाजलेलं जुनं गाणं चिकटवलं होतं, "नुसतं अंदाजासाठी". आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं पाप. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सगळे करतात. दुकानांचे मालक थोरले ओल्सगार्ड तीन आठवडे ते चित्र त्या गाण्यासकट बघत होते, डोळे पुसत होते. मग मला सांगितलं, विचार. गाण्याच्या मालकांनी एका ओळीत उत्तर दिलं, की किराणा मालासाठी आम्ही देत नाही. ओल्सगार्डसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. मग नेहमीचा हुकूम सुटला: तसंच हवं, पण ते नको.

ह्या हुकमावर बोलवायचा माणूस म्हणजे वॉरन.

त्याची एक रीत आहे. तो बैठकीला येतो ते कानात कापूस घालून. खरंच. घरून घालून येतो. ते चिकटवलेलं गाणं त्याला चुकूनही ऐकायचं नसतं. "एकदा कानात गेलं की बोटांत उतरतं, मग मी चोर," म्हणतो. ही मोहीम चालवणारा आमचा ट्रॅव्हिस एकतीस वर्षांचा, सगळ्यांना अरेतुरे करणारा. त्यानं पहिल्यांदा तो कापूस पाहिला तेव्हा त्याला वाटलं म्हातारा आपली थट्टा करतोय. वॉरननं मुक्यानं चित्र पाहिलं, एका चिठ्ठीवर लिहून विचारलं, "दिवा कितव्या सेकंदाला?" आणि उत्तर घेऊन घरी गेला.

अडतीस वर्षं तो हे करतोय. आमच्या गावातले निम्मे लोक त्याच्या चाली गुणगुणतात. टायरवाल्याची, बचत बँकेची, सॉसेजवाल्याची. नाव कुठं नाही. एकदा दुकानाच्या रांगेत मागची बाई सॉसेजची चाल गुणगुणत होती, तर ह्याला राहवलं नाही, वळून म्हणाला, "ती माझी आहे." बाईनं पर्स छातीशी घट्ट धरली.

अलीकडे त्याला बोलावणं कमी झालं होतं. आता संगणकावर यादीतला नंबर टाकला की तयार चाली मिळतात, हजारांनी. गेल्या वर्षभरात आम्हीही त्याला दोनदाच बोलावलं. म्हणून ओल्सगार्डची चाल आली त्या दिवशी मला त्याच्यासाठी फार आनंद झाला. खोलीत चाल वाजली आणि हातातला फोन कधी न सोडणाऱ्या ट्रॅव्हिसनं फोन पालथा ठेवला. ओल्सगार्डसाहेब म्हणाले, परत लावा. परत लावली. मग म्हणाले, पुढचं सगळं वर्ष ह्याच माणसाकडून करून घ्या, ईस्टर, उन्हाळा, शाळा सुरू व्हायचे दिवस, सगळं. शिकागोच्या प्रोफेसरांकडे आम्ही अशा चाली ताडून बघायला पाठवतो. त्यांचंही पत्र आलं, कशाशीच जुळत नाही. शुक्रवारी वॉरननं सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता मला म्हणाला, "अडतीस वर्षांत एक चांगली झाली गं."

आणि सोमवारी हा असा उभा.

"कुठं ऐकलीस?" मी विचारलं.

"तेच तर आठवत नाही. वीस मिनिटांत झाली, योलांडा. माझी एकही चाल कधी वीस मिनिटांत झालेली नाही. टायरवाल्याला मला नऊ दिवस लागले होते."

"प्रोफेसरांचं पत्र आहे."

"प्रोफेसर काय, छापलेलं बघणार. टेपवरचं बघणार."

"मग अजून काय असतं?"

मी त्याला खुर्चीत बसवलं, माझी कॉफी दिली आणि बजावलं, गुरुवारी दुपारी बारा वाजता जाहिरात टीव्हीवाल्यांकडे जाते, तोवर तोंडाला कुलूप. आठवलं तर मला सांग, दुसऱ्या कुणापाशी ब्र काढू नकोस.

त्यानं काय केलं असेल? अख्ख्या गावाला विचारत सुटला. न्हाव्याला गुणगुणून दाखवली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना दाखवली. बोलिंगच्या मित्रांना दाखवली. आणि प्रत्येक ठिकाणाहून मला फोन.

"न्हावी म्हणतो ऐकलीय!"

"कुठं?"

"त्याच्या लग्नात."

अर्ध्या तासानं पुन्हा. "ऑर्गनवाल्या बाई म्हणतात लहानपणी ऐकलीय. बोलिंगवाला म्हणतो सैन्यात असताना."

"वॉरन, लग्नात, लहानपणी आणि सैन्यात एकच चाल कशी असेल? चांगली चाल ऐकलेलीच वाटते, एवढं तुला मी सांगायला हवं का?"

"म्हणजे चांगली झाली म्हणून मी घाबरतोय?"

"हो."

तो हळूच म्हणाला, "नाही गं. हे तसं नाही. दारामागे कुणीतरी उभं आहे असं वाटतंय. ओळखीचं कुणीतरी."

मी त्याच्यावर खेकसून फोन ठेवला, पण मलाही धास्ती लागली होती. खाली सही माझी होती ना. मंगळवारी दारं लावून जुन्या जाहिरातींच्या टेपा ऐकत बसले. काही जुळेना. घरी भांडी धुताना माझ्याच तोंडून ती चाल निघाली, तर नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "हे ते जुनं नाही का?" हातातली बशी सुटता सुटता राहिली. ते जुनं कुठलं, हे त्या शहाण्याला काही सांगता आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत ट्रॅव्हिसच्याही कानावर गेलंच. तो माझ्या दारात टेकून उभा राहिला. "म्हाताऱ्याला आवर, योलांडा. पत्र आलंय, सही झालीय, विषय संपला. चाल गेली तर माझी अख्खी भिंत गेली."

"आवरते," मी म्हटलं.

बुधवारी साडेसात वाजता गाडी लावायच्या जागेत वॉरन माझी वाट बघत उभा होता. टोपी डोक्यावर होती. चेहरा शांत होता, आणि मला तेच आवडलं नाही.

"सापडलं," तो म्हणाला. "डेलची आहे."

डेल ह्यूबनर त्याचा भागीदार. मी त्याला एकदोनदाच पाहिलं होतं. नॅशनल ॲव्हेन्यूवर बुटांच्या दुकानावर दोन खोल्यांत ह्यांचा स्टुडिओ होता. वॉरन वाजवायचा, डेल ध्वनिमुद्रण करायचा. एकोणीस वर्षं. डेल जाऊनही आता अकरा झाली होती.

"काल दुपारी पानं उडवायचं मशीन आवरत होतो," वॉरन सांगू लागला. "त्याची लांब वायर गुंडाळत होतो. एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पीळ पडत नाही. डेलनंच शिकवलं होतं मला. चार वेढे झाले आणि तोंडानं शिटी सुरू झाली. मी वाजवत नव्हतो, योलांडा. हात वायर गुंडाळत होते म्हणून तोंड वाजवत होतं. रोज संध्याकाळी स्टुडिओ आवरताना डेल हेच वाजवायचा. एकोणीस वर्षं मी ते ऐकलंय. मी आपला बाहेरच्या गाण्यांना कापूस घालत बसलो, आणि ही आतच बसलेली."

"त्यानं कुठं लिहून ठेवली होती? टेपवर?"

"कधीच नाही. नुसती शिटी."

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू. "मग ऐक. कागदावर नाही, टेपवर नाही. नुसत्या शिटीवर कायदा कुणाला हक्क देत नाही. ही चाल पहिल्यांदा लिहिलीस तू. कुणी तुझं काही वाकडं करू शकत नाही."

"मी कायद्याचं विचारलं का तुला?"

"मग कशाचं विचारतोयस?"

"मी सही केलीय, की दुसऱ्या कुणाची नाही म्हणून." त्यानं नाक पुसलं. गारठा होता. "डेल गेला, पण मार्लीन आहे. तिला विचारू या."

मार्लीन म्हणजे डेलची बायको. आणि इथं मी जे म्हटलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बावीस वर्षं मी लोकांच्या मागे लागलेय, विचारा, विचारा, विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि त्या सकाळी मी वॉरनला म्हटलं, "विचारू नकोस. उद्या दुपारपर्यंत विचारू नकोस. ती नाही म्हणाली तर काय करशील? वर्षाचं काम आहे, बाबा. तुला पुन्हा कोण बोलावणार आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. "तू येतेस का," तो म्हणाला, "की मी बसनं जाऊ?"

मी वर जाऊन फायलीतला शुक्रवारचा कागद आणि एक कोरा पिशवीत टाकला, आणि गाडीत बसले.

वेस्ट ॲलिसमध्ये मार्लीनचं घर, छोटंसं, पांढऱ्या फळ्यांचं. पुढचं दार ती उघडतच नाही, गॅरेजकडच्या दारानं थेट स्वयंपाकघरात जायचं. दार उघडलं आणि तिनं वॉरनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अकरा वर्षं! मातीला आलास तो शेवटचा. मी मेले की जिवंत आहे, ह्याची चौकशीसुद्धा नाही."

"नाताळाला पाठवतो की क्रिंगल."

"क्रिंगल पाठवतो म्हणे. क्रिंगलशी गप्पा मारू?" मग माझ्याकडे वळून, "ये गं पोरी, बस. हा काही खातो की नुसता वाजवतो? वाळलाय बघ किती." मी छप्पन्न वर्षांची, पण चौऱ्याहत्तरीच्या बाईपुढे पोरच.

ओट्याशेजारच्या टेबलावर मेणकापड होतं. आम्ही बसलो. कॉफी आली. वॉरन हवेबद्दल बोलला, रविवारच्या मॅचबद्दल बोलला, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. शेवटी त्यानं फोन काढून मध्ये ठेवला.

"मार्लीन, तुला काहीतरी ऐकवायचंय. ओळखीचं वाटलं तर सांग."

चाल वाजली. पियानो, मागे थोडी गिटार. चौथ्या-पाचव्या सेकंदाला मार्लीननं मान वळवून गॅरेजकडच्या दाराकडे पाहिलं. तीस सेकंद संपेपर्यंत ती त्या दाराकडेच बघत होती.

"हे तुला कुठं मिळालं?" तिनं विचारलं.

"डेल वाजवायचा. स्टुडिओत."

"स्टुडिओत?" तिला हे नवीन होतं. "तिथं कधी?"

"रोज. आवरताना. वायरी गुंडाळताना."

"म्हणजे तुझ्याकडून निघतानाच सुरू व्हायची होय!" ती हसली, आणि हसता हसता तिनं हातातला फडका डोळ्यांना लावला. "मला वाटायचं गॅरेजपासून सुरू होते. पावणेसहाला गाडी लावायचा आणि तिथून शिटी. मी बटाटे सोलून पाण्यात ठेवलेले असायचे, शिटी ऐकली की खालचा गॅस पेटवायचा. बूट काढून, हातपाय धुऊन बसेपर्यंत बटाटे तयार. एकतीस वर्षं आमच्याकडे घड्याळ नाही बघितलं कुणी."

वॉरननं मान खाली घातली होती.

"मी म्हटलं होतं एकदा त्याला," मार्लीन बोलतच होती. "सगळ्यांच्या चाली टेपवर घेतोस, ही का नाही विकत? सॉसेजवाल्याला दे. तर म्हणतो, अगं, मग सगळीकडे वाजायला लागेल. मी घरी आलो हे तुला कसं कळणार?"

मग मला बोलावंच लागलं, कारण ते माझं काम आहे. मी सांगितलं. जाहिरात कसली, कधीपासून, कुठं कुठं वाजणार. टीव्ही, रेडिओ, दुकानाचं छत.

"कुठल्या दुकानाचं?"

"ओल्सगार्ड."

"मी दर गुरुवारी तिथंच जाते," ती म्हणाली. "किती वेळा वाजेल?"

"दर वीस मिनिटांनी."

ती मेणकापडावरचा एक सुरकुतलेला कोपरा सपाट करत राहिली. "म्हणजे मी ब्रेडपाशी उभी असेन," ती सावकाश म्हणाली, "आणि डेल घरी येईल. मग दुधापाशी जाईन, पुन्हा येईल." मग एकदम तिनं मान वर केली. "पण तुला लागत असेल तर घे, वॉरन. खरंच सांगते. डेल तुला नाही म्हणाला नसता. मी दुसऱ्या दुकानात जाईन. लांब पडतं, पण जाईन."

मी पिशवीतून दोन्ही कागद काढून टेबलावर ठेवले, शुक्रवारचा आणि एक कोरा, मालकाच्या परवानगीचा. पेनही काढलं. लाज वाटते आज, पण त्या क्षणी माझा हात एवढा तयार होता. एक सही, आणि भिंत वाचली, ट्रॅव्हिस वाचला, वॉरनचं वर्ष वाचलं.

"नको," वॉरन म्हणाला.

"विचार कर," मी म्हटलं. "बाई हो म्हणतायत."

"ऐकलं मी ती काय म्हणतेय ते." त्यानं पेन माझ्याच हातातून घेतलं. शुक्रवारचा कागद पुढे ओढला, आपल्या सहीवर एक रेघ मारली, आणि खाली लहान अक्षरांत लिहिलं, 'माझी नाही'. मग तारीख घातली. अडतीस वर्षांची सवय, तारीख घातल्याशिवाय तो कागद सोडत नाही.

"आता काय लावाल?" मार्लीननं विचारलं. तिचा आवाज घाबरा झाला होता.

"असतात तयार," तो म्हणाला. "ढीगभर असतात. कॉफी आहे का अजून?"

परत येताना गाडीत त्यानं फोनमधली ती चाल पुसून टाकली. मी सिग्नलला थांबले होते, मला दिसलं. मला फार राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. "अडतीस वर्षांतली एक चांगली, म्हणालास ना?" मी म्हटलं.

"चांगलीच आहे," तो म्हणाला. "डेल फार चांगला होता गं. मला कधी कळू दिलं नाही त्यानं."

ट्रॅव्हिस केवढा ओरडला ते लिहीत नाही. त्यालाही ओल्सगार्डसाहेबांना तोंड द्यायचं होतं, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बुधवारी दुपारी तयार चालींच्या यादीतून एक निवडली. नंबर चव्वेचाळीसशे सतरा, वर्णन: 'उबदार, कौटुंबिक, गिटार'. गुरुवारी बारा वाजता जाहिरात गेली. ओल्सगार्डसाहेबांनी फोनवर विचारलं, आधीची का नाही? मी सांगितलं, मालकानं घरी ठेवली. ते म्हणाले, ठीक आहे. पुढच्या वर्षाचं काम वॉरनला मिळालं नाही. ईस्टरची चालही नंबरातूनच आली.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मार्लीननं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पावणेसहाला मी गाडी गॅरेजपाशी लावली. वॉरनला एक खोड आहे, चालताना तोंडानं काहीतरी सतत चालू असतं, टायरवाला नाहीतर बँक. त्या दिवशी गाडीतून उतरल्यापासून तो अगदी ओठ मिटून चालला होता. दाराशी जाऊन त्यानं बेल वाजवली.

"आलात? बसा," मार्लीन म्हणाली. बटाटे सोलून पातेल्यात पाण्यात ठेवलेले होते. गॅस बंद होता. "बातम्या संपू देत, मग लावते."

आम्ही मेणकापडाशी बसलो. छोटा टीव्ही ओट्यावर होता. बातम्यांच्या मध्येच ते चित्र आलं, संध्याकाळचा रस्ता आणि मुलीच्या गाडीचे दिवे. गिटारचे पहिले दोनच सूर वाजले असतील, मार्लीननं रिमोट उचलून आवाज बंद केला.

मुक्यानं चित्र चालू राहिलं. मुलगी गाडी चालवत होती. बाप खिडकीपाशी येत होता, जात होता. वॉरनचं बोट मेणकापडावर हलू लागलं. आवाज नाही, नुसतं बोट. एकोणिसाव्या सेकंदाला अंगणातला दिवा लागला तेव्हा ते जरा थांबलं, मग पुन्हा पुढे निघालं. दुकानाचं नाव आलं आणि ते थांबलं.

मार्लीन टीव्हीकडे बघतच नव्हती. ती त्याच्या बोटाकडे बघत होती. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, ओट्यापाशी गेली आणि तिनं बटाट्यांखालचा गॅस पेटवला.